गल्ल्यातील नाणी आणि पारखी नजर

रात्री दुकान वाढविताना गल्ला मोजला जातो. नोटा सरळ करून त्यांची बंडले बांधली जातात, नाण्यांच्या चळती रचल्या जातात, रोजमेळाशी आकडा जुळला की दिवस संपतो. या मोजणीत डोळ्यांना फक्त नाण्याची किंमत दिसते : एक, दोन, पाच, दहा. परंतु पाच रुपयांच्या एकाच चळतीत तीन धातूंची, चार टांकसाळींची आणि पंचवीस-तीस वर्षांच्या अंतराने पडलेली नाणी एकमेकांवर बसलेली असतात. त्यांतील बहुतेकांचे मोल पाच रुपयेच असते. एखाद्याचे मात्र अधिक असते. हा फरक ओळखणे म्हणजेच पारख.

व्यापारी समाजाला ही विद्या परकी नाही. खिलजी सुलतानांच्या सेवेत असलेल्या ठक्कर फेरू या श्रीमाळ जैन गृहस्थाने दिल्लीच्या टांकसाळीतील अनुभवाच्या आधारे इ. स. १३१८ मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ रचला. निरनिराळ्या राजवटींच्या नाण्यांचे वजन, त्यांतील सोन्याचांदीचे प्रमाण आणि विनिमयाचा दर असा तपशील त्यात आहे. पारख, पारेख, सराफ ही आडनावेही याच कामाची साक्ष देतात. पूर्वजांनी नाणे कसोटीवर घासून पाहिले; आजच्या नाण्यासाठी एक साधे भिंग आणि थोडा सराव पुरेसा आहे.

प्रथम पाहावे ते वर्ष आणि त्याखालील बारीक खूण. मुंबईच्या टांकसाळीची खूण हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादची चांदणी, नोएडाची गोल ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. काही वर्षी देशातील टांकसाळींचे उत्पादन अपुरे पडल्याने सरकारने परदेशांतूनही नाणी पाडून घेतली. १९८५ च्या काही रुपयांवर वर्षाखाली रोमन लिपीतील ‘एच’ हे अक्षर आढळते. ते रुपये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे पडले. १९९८ च्या काही दोन रुपयांवर लंबगोलात ‘एम’ असते. ती दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियाची नाणी होत. एकाच वर्षाचे नाणे एका टांकसाळीचे विपुल, तर दुसऱ्या टांकसाळीचे विरळ असू शकते. म्हणून संग्राहक केवळ वर्ष विचारीत नाही, खूणही विचारतो.

दुसरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे स्मारक नाणी. स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघाले. पुढे ही प्रथा रुळली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९९० चा रुपया, संत ज्ञानेश्वरांचा १९९९ चा रुपया, छत्रपती शिवाजी महाराजांचे १९९९ चे आणि संत तुकारामांचे २००२ चे दोन रुपये, ही सारी नाणी महाराष्ट्राच्या बाजारपेठांत हातोहात फिरली. भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त २००१ मध्ये निघालेले पाच रुपयांचे नाणे तर जैन घरांत आवर्जून जपले गेले. ते तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे, ९ ग्रॅम वजनाचे आहे. त्यानंतरची पोलादी पाच रुपयांची नाणी ६ ग्रॅमची असल्याने हातावर घेताच दोहोंतील फरक जाणवतो. मोजता मोजता एखादे नाणे जड लागले, तर ते बाजूला काढून पाहावे.

मात्र येथेच सावध होणे आवश्यक आहे. स्मारक नाणे म्हणजे दुर्मीळ नाणे नव्हे. चलनासाठी काढलेली स्मारक नाणी फार मोठ्या संख्येने पाडली जातात आणि झिजलेल्या नाण्याला संग्राहक दर्शनी किमतीहून फारसे अधिक देत नाही. मोल ठरते ते तीन गोष्टींवर : नाणे किती थोडे उरले, किती स्वच्छ उरले आणि ते हवे असणारे किती आहेत. माता वैष्णोदेवीचे नाणे लाखो रुपयांना विकले जाईल, अशा जाहिराती भ्रमणध्वनीवर वारंवार येतात. त्यांना भुलून कोणी संपर्क साधला, की आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग कमिशन मागितले जाते. नाणे घरीच राहते आणि पैसे जातात. रिझर्व्ह बँकेचे नाव घेऊनही अशी फसवणूक होऊ लागल्याने बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला : बँक अशा खरेदी-विक्रीत सहभागी नसते आणि त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही. ज्या सौद्यात विकणाऱ्यालाच आधी पैसे भरावे लागतात, तो सौदा नव्हे, एवढे व्यापाऱ्याला तरी कोणी शिकवायला नको.

सदोष नाण्यांनाही मागणी असते. ठसा मध्यापासून सरकलेला असतो, किंवा दोन वेगवेगळ्या नाण्यांचे साचे चुकून एकत्र आलेले असतात. भारतीय नाणे डावीकडून उजवीकडे उलटले, तर दोन्ही बाजू सरळच दिसल्या पाहिजेत. मागची बाजू तिरपी किंवा उलटी दिसली, तर साचा फिरलेला आहे असे समजावे. परंतु हातोडीने ठोकलेले, कानशीने घासलेले वा आम्लात बुडविलेले नाणे सदोष नसते, ते केवळ बिघडविलेले असते. टांकसाळीतील चूक आणि टांकसाळीबाहेरची करामत यांतील भेद ओळखता येईपर्यंत पैसे मोजून असे नाणे घेऊ नये.

गल्ल्याप्रमाणेच घरातील तिजोरीचीही एकदा पाहणी व्हावी. लक्ष्मीपूजनासाठी जपलेल्या रुपयांच्या थैलीत बहुधा राणी व्हिक्टोरियापासून सहाव्या जॉर्जपर्यंतचे रुपये असतात. जुना रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि बारात अकरा भाग चांदीचा; १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ च्या रुपयात ती उरलीच नाही. १९३९ चा रुपया विशेष दुर्मीळ मानला जातो. १९११ च्या रुपयाची कथा वेगळीच आहे. पाचव्या जॉर्जच्या वस्त्रावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, असंतोष पसरला आणि पुढील वर्षी चित्र सुधारले गेले. अशी नाणी दिवाळीत चिंच-लिंबाने किंवा राखेने लखलखीत घासण्याची चाल अनेक घरांत आहे. त्या एका घासण्याने नाण्याचा मूळ पृष्ठभाग जातो आणि त्याबरोबर संग्राहकाच्या लेखी असलेले मोलही. पूजेची नाणी वेगळी ठेवावीत. जपावयाची नाणी कडेने धरावीत, मऊ कोरड्या कापडातही चोळू नयेत आणि कागदी पाकिटात वर्ष लिहून ठेवावीत.

कायद्याचीही जाण हवी. २५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली, पण ५० पैसे आजही वैध आहेत. दहा रुपयांचे नाणे ‘खोटे’ म्हणून नाकारण्याची चूक अजून काही पेठांत होते. १५ किरणांचे आणि १० किरणांचे, रुपयाचे चिन्ह असलेले आणि नसलेले, अशी सारी नाणी ग्राह्य आहेत. तोवर निघालेले १४ प्रकार वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. नाणी वितळविण्यास बंदी आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरू शकते. परदेशस्थ आप्तांना भेट म्हणून ते सहज पाठविता येत नाही. वाड्याचा पाया खणताना नाण्यांचा हंडा सापडला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे.

या साऱ्याहून अवघड प्रश्न मात्र कायद्याच्या पुस्तकात नाही. खेड्यातून आलेली एखादी वृद्धा रुमालाच्या गाठीतून चांदीचा रुपया काढते आणि साध्या रुपयासारखा गल्ल्यावर ठेवते. तिला त्याचे मोल ठाऊक नाही. गल्ल्यावर बसलेल्याला ठाऊक आहे. मुकाट्याने ते नाणे आत टाकले, तर हिशेबात चूक दिसणार नाही, पावती चुकणार नाही, कोणी तक्रारही करणार नाही. तरीही तो सौदा बरोबरीचा नसतो. चलनातले नाणे चलनाच्या भावाने येते, त्यात कोणाचे काही बुडत नाही. बँकेतून आणलेल्या सुट्यांच्या पिशवीत विरळ खुणेचे नाणे मिळाले, तर तो नशिबाचा भाग आणि नजरेचे फळ. पण समोरच्याच्या अज्ञानावर मिळालेली चांदी ही पारख नव्हे. ‘आजी, हा रुपया चांदीचा आहे, घरी जपून ठेवा’ असे म्हणणाऱ्या दुकानदाराच्या गल्ल्यात त्या दिवशी चांदी येत नाही. पेढीची पत मात्र तीन गावांत जाते.

मुलांना ही पारख शिकविण्यास खर्च नाही. सुट्टीच्या दिवशी शंभर नाणी घेऊन वर्ष, खूण, धातू यांप्रमाणे त्यांनी ती वेगळी लावावीत; देशाचा अर्थव्यवहार त्यांच्या हाती उलगडत जातो. नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय आणि मुंबईत फोर्ट भागातील रिझर्व्ह बँकेचे मुद्रा संग्रहालय ही सहकुटुंब पाहण्याजोगी ठिकाणे आहेत. तेथील काचेमागे मांडलेले बहुतेक प्रत्येक नाणे कधी तरी कोणाच्या तरी गल्ल्यातून गेले आहे. कोणीतरी ते पुढे देण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहिले, म्हणून ते आज तेथे आहे.