ऊन सगळ्यांना सारखं, 'ड' मात्र कमी-जास्त (लेखांक 6)

कोल्हापुरात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर येतो आणि भरदुपारी माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. ऑगस्टच्या सुरुवातीलाही हेच घडतं, फक्त पावसाळी ढगांमुळे ते दिसत नाही. एवढं ऊन असलेल्या गावात 'ड' जीवनसत्त्व कमी पडतंच कसं?

आधी उन्हाकडे पाहू. सूर्यप्रकाशातले अतिनील-ब किरण त्वचेवर पडले, की तिथल्या 7-डीहायड्रोकोलेस्टेरॉल या द्रव्यापासून हे जीवनसत्त्व बनायला लागतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात. हे किरण वातावरणात सहज अडतात. सूर्य जितका खाली, तितका त्यांचा हवेतला प्रवास लांब. अंबाबाईच्या मंदिरात किरणोत्सवाला मावळतीचं ऊन महाद्वारातून येऊन देवीच्या चरणांना स्पर्श करतं, तेव्हा गाभारा उजळून निघतो. पण त्या तिरप्या उन्हात अतिनील-ब जवळपास उरलेले नसतात. कोवळ्या उन्हाचंही तेच. आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल, तर त्वचेला फारसं काही मिळत नाही, असा साधा ठोकताळा आहे. आंध्रातल्या तिरुपतीत केलेल्या अभ्यासातही सकाळी 11 ते दुपारी 2 हीच वेळ सर्वांत फलदायी ठरली.

आणि नेमक्या त्याच वेळी माणूस उन्हात नसतो. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचा कामगार तेव्हा शेडमध्ये असतो. ताराराणी चौकातून मोपेडवर जाणाऱ्या मुलीच्या तोंडाला स्कार्फ, अंगात सनकोट आणि हातात कोपरापर्यंत मोजे असतात. तिला दोष देण्यात अर्थ नाही. दुपारचा चटका सोसवत नाही, हे खरंच आहे. ऑफिसात खिडकीशी बसूनही उपयोग नाही, कारण काच हे किरण अडवते. त्यात आपल्या त्वचेतलं मेलॅनिन त्यांतले बरेच शोषून घेतं. पुण्यातल्या मध्यमवयीन पुरुषांच्या अभ्यासात पुरेशी पातळी टिकवायला रोज तासाभराहून अधिक ऊन लागतं, असं दिसलं. आहाराचं म्हणाल, तर गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्याला कॅल्शियम भरपूर मिळतं, पण वरून मिसळलं नसेल तर दुधात 'ड' नावापुरतंच असतं.

तरीही एकाच शेतात राबणाऱ्या दोघा भावांचे रिपोर्ट वेगळे येऊ शकतात. इथे जनुकांचा भाग येतो. 2010 साली 'लॅन्सेट'मध्ये युरोपीय वंशाच्या सुमारे 34,000 लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तीन जनुकं ठळकपणे पुढे आली. डीएचसीआर7 त्वचेतला कच्चा माल कोलेस्टेरॉलकडे वळवतं. सीवायपी2आर1 यकृतातली प्रक्रिया सांभाळतं. जीसी हे जनुक 'ड' जीवनसत्त्व रक्तातून वाहून नेणारं प्रथिन घडवतं. ज्यांच्याकडे या जनुकांतले प्रतिकूल बदल सर्वांत जास्त होते, त्यांच्यात कमतरतेची शक्यता सर्वांत कमी बदल असलेल्यांच्या दुपटीहून अधिक निघाली. हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत, पण 'मी उन्हात फिरतो, मग मला कसं?' या प्रश्नाचं एक उत्तर त्यात नक्की आहे.

म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेला 'ड'चा डोस आपणही घेणं धोक्याचं. गरज नसताना मोठ्या मात्रेची इंजेक्शनं किंवा पावडरची पाकिटं घेत राहिलं, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. डोस किती आणि किती दिवस, हे रिपोर्ट पाहून डॉक्टरांनीच ठरवायचं.

(पुढील आठवड्यात: बी-12 आणि शाकाहारी ताट)