यवतमाळची बाजारपेठ

यवतमाळ हे विदर्भातील याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्यालय असून कापसाच्या व्यापाराची एक जुनी पेठ आहे. शेतीच्या हंगामाशी असलेले घट्ट नाते हे येथील बाजाराचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

इतिहास

‘आईन-ए-अकबरी’मध्ये या परगण्याचा उल्लेख ‘योत-लोहारा’ असा येतो. लोहारा हे गाव शहराच्या पश्चिमेस आहे. नावातील ‘माळ’ हे पद ‘महाल’, म्हणजे परगणा, या शब्दावरून आले असे मानले जाते.

१८५३ च्या तहाने निजामाच्या राज्यातील वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडमधील गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडी कापसाला मोठी मागणी आली. १९०५ साली तत्कालीन वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. १९०८ च्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये यवतमाळच्या व्यापाराची नोंद आहे. येथे सरकी काढून रुईच्या गाठी बांधल्या जात. धामणगाव रेल्वे स्थानक २९ मैलांवर असून तेथवर रस्ता होता. पुढे मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंदमापी लोहमार्गाने, म्हणजेच लोकप्रिय ‘शकुंतले’ने, येथील कापूस मुंबईच्या मुख्य मार्गाशी जोडला.

खरेदीचे स्वरूप

मेन लाईन आणि दत्त चौक हा शहरातील गजबजलेला व्यापारी भाग आहे. कापड, सोने-चांदी, भांडी व किराणा यांसाठी आसपासच्या खेड्यांतील ग्राहक येथे येतात. पोळ्यापूर्वी झुली, घुंगरमाळा, कासरे व बेगड यांची, तर तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैलांची विक्री होते. मृगाच्या तोंडावर बी-बियाणे व खतांच्या दुकानांत गर्दी असते. सीतादही करून वेचणी सुरू झाली, कापूस विकला गेला व चुकारे हाती आले, की लग्नसराईच्या खरेदीला वेग येतो.

सद्यःस्थिती

राज्य शासनाने १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. ती संपुष्टात आल्यानंतर खुल्या बाजारातील भाव आणि हमीभाव यांतील तफावत शेतकऱ्यांना थेट जाणवू लागली. जिल्ह्यातील बरीचशी शेती पावसावर अवलंबून आहे. नापिकी, पडलेले भाव व कर्ज यांमुळे झालेल्या शेतकरी आत्महत्यांनी जिल्ह्याकडे देशाचे लक्ष वेधले. अशा वर्षी शेतकऱ्याची उधारी थकते आणि पेठेतील उलाढालही मंदावते.

‘शकुंतला’ आता बंद आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या रुंदमापी मार्गाच्या वर्धा–कळंब टप्प्याचे उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले.