विश्लेषण : दारातली सदाफुली औषध की विष?

मधुमेहावर घरगुती उपाय म्हणून सकाळी अनशापोटी सदाफुलीची पाने चघळणारे अनेक जण आहेत. मात्र याच झाडातून कर्करोगावरील जहाल औषधे मिळतात. मग ही पाने खाणे कितपत सुरक्षित?

इंडोल अल्कलॉइड म्हणजे काय?

ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून झाडे तयार करतात ती नायट्रोजनयुक्त द्रव्ये. चव कडू, काम झाडाच्या बचावाचे. सदाफुलीला गुरे सहसा तोंड लावत नाहीत, ती यामुळेच. कोकणातल्या काजऱ्याच्या बियांतील स्ट्रिक्निन आणि सर्पगंधेच्या मुळांतील रिसर्पिन याच गटातले. पहिल्याने झटके येऊन श्वास थांबतो, दुसऱ्याने रक्तदाब उतरतो. सदाफुलीत अशी शंभराहून अधिक द्रव्ये आहेत.

औषधाचा शोध कसा लागला?

मधुमेहावरील उपायाची परीक्षा घेतानाच! १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी पानांचा अर्क उंदरांना दिला. तोंडावाटे देऊन साखर उतरली नाही. इंजेक्शनने दिल्यावर मात्र रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने दगावले. त्यातून व्हिनब्लास्टिन हाती लागले. पुढे व्हिनक्रिस्टिन मिळाले, जे आजही मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर दिले जाते.

ही द्रव्ये शरीरात काय करतात?

पेशी दुभंगताना लागणारे सूक्ष्म धागे ती तयार होऊ देत नाहीत. त्यामुळे कर्करोगाच्या पेशी मरतात. पण अस्थिमज्जा आणि नसांनाही इजा होऊ शकते. म्हणून व्हिनक्रिस्टिनची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजून, फक्त शिरेतून देतात. चुकून मणक्यातील द्रवात गेल्यास ते जीवघेणे ठरते.

मग पाने खाण्यात धोका कोणता?

पानातील द्रव्यांचे प्रमाण झाडागणिक बदलते. चार पानांतून पोटात किती गेले, हे घरी मोजता येत नाही. हातापायांना मुंग्या येणे हे या द्रव्यांच्या विषबाधेचे लक्षण, पण मधुमेहातही मुंग्या येतात. त्यामुळे त्रास झाडाचा की आजाराचा, हे लवकर लक्षात येत नाही. गर्भवतींनी तर ही पाने टाळावीतच, कारण पेशींची वाढ रोखणारी द्रव्ये गर्भालाही घातक ठरतात.

काय करावे?

पानांच्या भरवशावर मधुमेहाच्या गोळ्या बंद करू नयेत. पाने किंवा काढा घेत असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. सदाफुली कुंडीत जरूर असावी. औषध म्हणून मात्र ती डॉक्टरांच्याच हातून यावी.