अल्पविद्राव्य आयनिक संयुगांची विद्राव्यता : गणना व अन्वयार्थ

प्रस्तावना :
बेरियम सल्फेट व कॅल्शियम फ्लोराईड ही दोन्ही अल्पविद्राव्य संयुगे होत. २५° से. तापमानास त्यांचे विद्राव्यता गुणाकार अनुक्रमे सुमारे १.१ × १०⁻¹⁰ व ३.९ × १०⁻¹¹ आहेत. दुसरा आकडा लहान असल्याने कॅल्शियम फ्लोराईड कमी विरघळते, असा निष्कर्ष विद्यार्थी सहज काढतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. प्रस्तुत लेखात तिची कारणमीमांसा केली आहे.

गणना :
संतृप्त द्रावणात न विरघळलेला घनपदार्थ व त्याचे आयन यांच्यात समतोल असतो. विद्राव्यता 'वि' मोल प्रतिलिटर मानल्यास बेरियम सल्फेटचा गुणाकार वि² येतो; म्हणून वि = १.०५ × १०⁻⁵. कॅल्शियम फ्लोराईडच्या एका मोलपासून मात्र एक मोल कॅल्शियम व दोन मोल फ्लोराईड आयन मिळतात. येथे गुणाकार वि × (२वि)² = ४वि³ होतो व वि = २.१ × १०⁻⁴, म्हणजे सुमारे वीसपट, येते. तात्पर्य, गुणाकारांची थेट तुलना आयनांची संख्या सारखी असलेल्या संयुगांपुरतीच ग्राह्य ठरते.

उपयोजन :
या संतृप्त द्रावणात फ्लोराईडचे प्रमाण लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम भरते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची (आय. एस. १०५०० : २०१२) स्वीकारार्ह मर्यादा १ मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसल्यास ती १.५ मिलिग्रॅम आहे. अर्थात 'अल्पविद्राव्य' म्हणजे 'निर्धोक' नव्हे.

पाण्यात आधीच लिटरला ८० मिलिग्रॅम (२ × १०⁻³ मोल) कॅल्शियम असल्यास समान आयन परिणामामुळे फ्लोराईड सुमारे २.७ मिलिग्रॅमपर्यंतच राहू शकते. म्हणूनच कॅल्शियम कमी व सोडियम बायकार्बोनेट अधिक असलेल्या भूजलात फ्लोराईड वाढण्यास वाव मिळतो. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील फ्लोराईडबाधित गावांच्या संदर्भात हे उदाहरण वर्गात विशेष उपयुक्त ठरेल.

मर्यादा :
वरील गणनेत आयनांची संहती हीच त्यांची क्रियाशीलता मानली आहे. इतर क्षार असलेल्या पाण्यात क्रियाशीलता घटते व प्रत्यक्ष विद्राव्यता किंचित वाढते. आम्लयुक्त पाण्यात फ्लोराईडचा काही अंश हायड्रोजन आयनाशी संयोग पावतो, त्यामुळेही ती वाढते.

निष्कर्ष :
विद्राव्यता गुणाकार म्हणजे विद्राव्यता नव्हे. अध्यापनात प्रथम विचरणाचे समीकरण, नंतर गुणाकार व शेवटी मिलिग्रॅममध्ये रूपांतर, हा क्रम ठेवल्यास उत्तरामागील अर्थ विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचेल.