खंजिरीचे परदेशगमन आणि आमचा जमाखर्च

गेल्या वर्षी मृगाचा पाऊस लांबला होता, त्या दिवसांत आमच्या शेंदूरजनाघाटच्या चौदा मुलामुलींचा एक मेळा प्रस्तुत लेखकाकडे आला. ही मुले समूहगान करतात. सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत आणि गावच्या भजनमंडळात त्यांचा आवाज घडला आणि पुढे विद्यापीठाच्या युवक महोत्सवात तो नावाजला गेला. युरोपातील एका देशात भरणाऱ्या समूहगानाच्या महोत्सवाचे निमंत्रण त्यांच्या हाती आले होते. निमंत्रण सन्मानाचे होते, परंतु प्रवास, निवास आणि प्रवेशशुल्क या तिन्ही गोष्टी ज्याच्या त्याने सोसावयाच्या होत्या. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने हिशेब करून द्यावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

हिशेब कठीण नव्हता. माणशी दीड लाख धरले तरी एकवीस लाख होत होते. या चौदांपैकी पाच जणांचे वडील दुसऱ्यांच्या बागेत मजुरीला जातात. उरलेल्यांच्या घरी बाग आहे, पण बागेवर कर्जही आहे. एका मुलाच्या वडिलांनी ओसरीवर बसून विचारले, "सर, पोट्टे जातीन, गानं म्हन्तीन, वापस येतीन, पन मंग त्याचं काय?" मला उत्तर सुचले नाही. मी मुलांना "जाऊ नका" असे सांगितले. मुले गेली नाहीत. निघताना एक मुलगी मात्र म्हणाली, "सर, आपला संत्रा बांगलादेशात जाते, मंग आपलं गानं काऊन नाई?" या प्रश्नाने पुढे कित्येक दिवस माझी पाठ सोडली नाही.

वस्तुतः वऱ्हाडचे गाणे देशाबाहेर गेलेच नाही असे नाही. याच जिल्ह्यातील यावलीस १९०९ साली जन्मलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म परिषदेस गेले होते, आणि जाताना आपली खंजिरी घेऊन गेले होते. ज्यांना मराठी वा हिंदीचे अक्षर ठाऊक नव्हते, अशा प्रतिनिधींपुढे त्यांनी भजन गायिले. मोझरीच्या गुरुकुंजात जे वाद्य शेतकऱ्याच्या हातात होते, तेच तेथे वाजले. त्यासाठी त्याला कोणताही वेगळा साज चढवावा लागला नाही.

दुसरे उदाहरण पुण्याचे आहे. 'घाशीराम कोतवाल' हे विजय तेंडुलकरांचे नाटक घेऊन थिएटर अकॅडमीची तरुण मंडळी १९८० साली युरोपात गेली. भास्कर चंदावरकरांच्या संगीतावर गाणारी आणि नाचणारी बारा ब्राह्मणांची रांग हाच त्या नाटकाचा पडदा होता, आणि तोच त्याचा प्राणही होता. त्या दौऱ्याला महाराष्ट्रात कडवा विरोध झाला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि प्रयोगापूर्वी खुलाशाचे निवेदन वाचण्याची तडजोड करावी लागली. परभाषिक प्रेक्षकाला मराठी कळत नव्हते. पण एका सुरात हलणारी माणसांची भिंत त्याला कळली. येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घेतली पाहिजे. जब्बार पटेल, मोहन आगाशे हे व्यवसायाने डॉक्टर होते. सतीश आळेकर वैद्यकीय महाविद्यालयात नोकरीस होते. म्हणजे या हौशी मंडळींची पोटाची व्यवस्था कलेबाहेर होती. परदेशी जाण्यास अंगी गुण लागतो हे खरे, पण घरी चूल पेटत राहील ही खात्रीही लागते.

या ठिकाणी अर्थशास्त्रातील एका सिद्धान्ताचा उल्लेख केल्यास तो अप्रस्तुत ठरू नये. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले की, कारखान्यात यंत्र आले की तेवढ्याच मजुरीत अधिक माल निघतो. परंतु वादकांच्या चौकडीला शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. साहजिकच इतर सर्व उद्योगांत मजुरी वाढत गेली की कलेचा खर्च तिच्याबरोबर वाढतो. उत्पादन मात्र वाढत नाही. संत्र्याची प्रतवारी यंत्राने होऊ शकते. चौदा गळ्यांचे गाणे सात गळ्यांत होत नाही, आणि चौदा तिकिटांची सात तिकिटेही होत नाहीत. म्हणून समूहगान केवळ तिकीटविक्रीवर जगेल ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याला कोणाचा तरी आधार लागतोच. प्रश्न एवढाच की तो कोणाचा असावा.

आज तो बापाच्या खिशाचा आहे. समूहगानाचा जागतिक मेळावा २००० साली ऑस्ट्रियातील लिंझ येथे सुरू झाला, आणि २०१० साली चीनमधील शाओशिंग येथे मेघालयाच्या शिलाँग चेंबर क्वायरने तीन सुवर्णपदके मिळविली. ईशान्येच्या कोपऱ्यातील तरुण जगापुढे उभे राहू शकतात, याचा हा पुरावा आहे. परंतु जेथे ज्याने त्याने आपला खर्च करावयाचा, तेथे निवड गळ्याची होण्यापूर्वीच पैशाची होऊन जाते. मग जगासमोर जो भारत गातो, तो तिकीट काढू शकणारा भारत असतो. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद १९५० पासून कलावंतांना परदेशी पाठवीत आली आहे. परंतु घाटाखालच्या भजनमंडळाला तिच्या दारापर्यंतची वाट दाखविणारा कोणी नाही.

यावर उपाय नाही असे नाही. जिल्हा पातळीवर प्रवासनिधी असावा. निवड जाणकारांनी उघडपणे करावी. आणि ज्याला हा निधी मिळेल त्याने परतल्यावर वर्षभर वीस गावांत जाऊन, जे पाहिले आणि शिकला ते इतर मुलांना शिकवावे. दान म्हणून नव्हे, तर परतफेडीच्या बोलीवर हा पैसा द्यावा. दुष्काळी वर्षात एवढा खर्च कशाला, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो मी हलका मानीत नाही. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवीत नेल्यापासून वरुड-मोर्शीच्या बागाईतदाराची काय दशा झाली, हे आम्ही रोज पाहतो. परंतु त्यातूनच एक धडा मिळतो. आम्ही जगाकडे केवळ फळ पाठविले, माणसे पाठविली नाहीत. त्यामुळे बाजार बंद झाला तेव्हा पलीकडे आम्हांला ओळखणारे कोणी नव्हते.

मी केलेल्या हिशेबात बेरजेची चूक नव्हती. खर्चाची बाजू मी पैशापैशाने लिहिली. जमेच्या बाजूस मात्र एक ओळही लिहिली नाही. फळ एकदा गेले की परत येत नाही. गाणारा परत येतो, आणि येताना रिकाम्या हाताने येत नाही. त्या ओसरीवरील प्रश्नाचे उत्तर मला आता सुचले आहे. पण ती चौदा मुले पुढील वर्षी एकत्र असतील की कामधंद्यासाठी पांगलेली असतील, हे कोणत्याही हिशेबात मांडता येत नाही.