जेराल्ड वायली कोण?

१९६८ साली लंडनच्या 'फ्रॉस्ट ऑन संडे' या टीव्ही कार्यक्रमाकडे एका अनोळखी लेखकाची प्रहसनं येऊ लागली. नाव जेराल्ड वायली. मजकूर एजंटमार्फत यायचा, चांगला असायचा, लगेच स्वीकारला जायचा. पण हा गृहस्थ कुणाच्या दृष्टीस पडला नव्हता. तर्कांना ऊत आला. कोणी म्हणे हा नाटककार टॉम स्टॉपर्ड, कोणी थेट नोएल कॉवर्डचं नाव घेई. कार्यक्रमातला बुटका विनोदवीर रॉनी कॉर्बेट याला वायलीचं दवाखान्यातलं एक प्रहसन इतकं आवडलं की त्याने त्याचे हक्कच विकत मागितले. उत्तर आलं, तीन हजार पौंड. कॉर्बेटने सहकलाकार रॉनी बार्करचा सल्ला घेतला. बार्कर म्हणाला, फार होतात, नाही म्हणून कळव. कॉर्बेटने तसं कळवलं आणि वायलीने चक्क ते प्रहसन फुकट देऊन टाकलं. भारावलेल्या कॉर्बेटने त्याला 'जी. डब्ल्यू.' अशी आद्याक्षरं कोरलेले काचेचे पेले भेट पाठवले.

पुढे एका चिनी हॉटेलात सगळी मंडळी जेवायला जमली. आज वायली स्वतः येणार अशी कुणकुण होती. सगळे दाराकडे डोळे लावून बसले असताना बार्कर उठला आणि म्हणाला, वायली मीच. आधी कोणाचा विश्वासच बसेना.

हा खोडसाळपणा होता, पण नुसता खोडसाळपणा नव्हता. नटाने लिहिलंय म्हणून कोणी भिडेपोटी घेऊ नये, लिखाण स्वतःच्या पायावर उभं राहावं, हा त्यामागचा हिशेब. नंतरही त्याने बॉब फेरिस, जोनाथन कॉबोल्ड अशी टोपणनावं वापरली. बार्करबद्दल वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. या माणसाला रंगमंचावर कोणीही व्हायला चाले, फक्त स्वतः होऊन उभं राहायचं म्हटलं की तो अवघडून जाई.

रोनाल्ड विल्यम जॉर्ज बार्करचा जन्म २५ सप्टेंबर १९२९ चा, बेडफर्डचा. वडील तेल कंपनीत कारकून. बालपण ऑक्सफर्डमध्ये गेलं. पण तिथल्या जगप्रसिद्ध विद्यापीठाशी त्याचा संबंध नाही. वास्तुशास्त्राचा अभ्यास सुरू केला आणि आपल्याला हे जमणारं नाही म्हणून काही महिन्यांत सोडला. मग बँकेत कारकुनी आणि संध्याकाळी हौशी नाटकं. १९४८ मध्ये एल्सबरीच्या व्यावसायिक नाटक मंडळीत त्याने तोंडाला रंग लावला. ही 'रेपर्टरी' मंडळी म्हणजे पक्की तालीम असे. दर आठवड्याला नवं नाटक. एकाचा प्रयोग चालू असताना पुढच्याचं पाठांतर. आज म्हातारा, उद्या पोलीस, परवा सरदार. बार्करचं सगळं अष्टपैलुत्व या घाण्यातून निघालं, असं माझं मत आहे. पुढे ऑक्सफर्ड प्लेहाउसमध्ये दिग्दर्शक पीटर हॉलने त्याला हेरलं आणि १९५५ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आणलं. मग रेडिओवर 'द नेव्ही लार्क'मधले अनेक आवाज आणि १९६६ मध्ये टीव्हीवर डेव्हिड फ्रॉस्टचा 'द फ्रॉस्ट रिपोर्ट'. त्यात उंच जॉन क्लीझ, मध्यम बार्कर आणि ठेंगणा कॉर्बेट एका रांगेत उभे राहून ब्रिटनची वर्गव्यवस्था समजावून सांगतात. मिनिटा-दोन मिनिटांचं हे प्रहसन आजही समाजशास्त्राच्या तासाला दाखवावं इतकं नेमकं आहे.

लंडन पॅलेडियममधल्या बाफ्टा पुरस्कारांच्या समारंभात तांत्रिक बिघाड झाला आणि या दोन रॉनींनी ऐनवेळी काहीबाही बोलून प्रेक्षकांना काही मिनिटं हसतं ठेवलं. समोर बसलेल्या बीबीसीच्या बिल कॉटनने जोडी हेरली. १९७१ ते १९८७ 'द टू रॉनीज' हा त्यांचा कार्यक्रम चालला. त्याची सुरुवात आणि शेवट खोट्या बातम्यांनी होई, त्यामागेही बार्करचा तोच संकोच. निवेदक म्हणून स्वतःच्या नावाने गप्पा मारणं त्याला झेपेना, म्हणून दोघांना वृत्तनिवेदक करून टाकलं.

१९७६ चं 'फोर कँडल्स' हे त्यातलं सर्वांत गाजलेलं प्रहसन. अवजारांच्या दुकानात एक गिऱ्हाईक येतं, एक वस्तू मागतं आणि दुकानदार उच्चारसाम्यामुळे भलतीच आणून देतो. सात-आठ वेळा हेच. दर वेळी दुकानदाराचा पारा थोडा वर. लेखक अर्थात वायली. बार्करच्या हस्ताक्षरातली त्याची संहिता २००७ मध्ये ४८,५०० पौंडांना लिलावात गेली. कोटीबाज लेखकांवर जीव टाकणाऱ्या मराठी वाचकाला बार्करची शब्दखेळांची भूक लगेच कळेल. पण अशा कोट्यांना पासपोर्ट मिळत नाही. मुका मिस्टर बीन आपल्याकडे घरोघरी पोचला, बार्कर मात्र इंग्रजीच्या कुंपणातच राहिला.

माझ्या मते तरी त्याचं खरं काम 'पोरिज' (१९७४-७७) या मालिकेत आहे. डिक क्लेमेंट आणि इयन ला फ्रेने यांनी तुरुंगावर विनोदी मालिका लिहिली, हेच मुळात धाडस. गृहखात्याने खऱ्या तुरुंगात चित्रीकरणाची परवानगी नाकारली, तेव्हा ईलिंग स्टुडिओतल्या रिकाम्या पाण्याच्या टाकीत कोठड्यांचे मजले उभे केले. एका माजी कैद्याने लेखकांना सांगितलं होतं की आत माणूस जगतो तो रोजच्या लहानसहान विजयांवर. तेच मालिकेचं सूत्र झालं. बार्करचा फ्लेचर पळून जायचे बेत करत नाही. डबाबंद अननस चोरणं, शिस्तीच्या मकाय जमादाराला शब्दांत पकडणं, एवढ्यावर त्याचा दिवस साजरा होतो. ना खोटी दाढी, ना सोंग. सराईत चोर, बेरका, आणि कोठडीत पहिल्यांदाच आलेल्या गॉडबर या पोरावर बापासारखी माया करणारा. गॉडबर झालेला रिचर्ड बेकिन्सेल १९७९ मध्ये अवघ्या एकतिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला.

'ओपन ऑल अवर्स' या मालिकेतला चिक्कू किराणा दुकानदार आर्कराइट फ्लेचरच्या नेमका उलट. त्याचं तोतरेपण संहितेत नव्हतं. ग्लेन मेल्विन या जुन्या नटाकडून शिकलेली ती लकब बार्करने घातली. तोतरेपणावर हसणं आज मला खटकतं, हे सांगितलंच पाहिजे. पण शब्द अडकला असताना तो हशा जसा रोखून धरतो, ती कारागिरी नाकारता येत नाही. दुकानातला राबणारा भाचा म्हणजे डेव्हिड जेसन; तो बार्करला आदराने 'गव्हनर' म्हणत असे.

पीटर हॉलने त्याला नॅशनल थिएटरमध्ये शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ देऊ केला होता. बार्करने नकार दिला. १९८७ च्या अखेरीस, अठ्ठावन्नाव्या वर्षी, लोकप्रियतेच्या शिखरावर असताना त्याने निवृत्ती घेतली आणि चिपिंग नॉर्टन गावात जुन्या वस्तूंचं दुकान थाटलं. जुन्या चित्रपोस्टकार्डांचा त्याचा संग्रह हजारोंच्या घरात होता. २००२ मध्ये 'द गॅदरिंग स्टॉर्म' या चित्रपटात तो चर्चिलचा नोकर होऊन पुन्हा दिसला. ३ ऑक्टोबर २००५ ला, शहात्तराव्या वर्षी तो गेला. पुढच्या मार्चमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत स्मृतिसभा झाली, तेव्हा मिरवणुकीत नेहमीच्या दोन मेणबत्त्यांऐवजी चार होत्या. धर्मगुरूंनाही 'फोर कँडल्स' पाठ होतं तर!

बार्करची ओळख करून घ्यायची असेल तर प्रहसनांपासून सुरुवात करू नका. 'पोरिज'च्या पहिल्या मालिकेतला 'अ नाइट इन' हा भाग पाहा. दोन कैदी, एक कोठडी, एक रात्र. तो आवडला नाही तर बार्कर तुमच्यासाठी नाही, असं खुशाल समजा.