नसलेल्या पेपरला चारशे सायटेशन्स

या वेळचा विषय तसा रुक्ष आहे. रेफरन्स लिस्ट. पेपर लिहून झालेला असतो, सबमिशन उद्यावर आलेलं असतं आणि गाइड म्हणतात, "रेफरन्सेस तेवढे जर्नलच्या फॉरमॅटमध्ये बसव." मग रात्रभर स्वल्पविराम, पूर्णविराम आणि इटॅलिक्स. ज्यांनी हे केलंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय ते.

पण आधी एक गंमत ऐका. व्हॅन डर गीअर, हानराड्स आणि लप्टन या तिघांच्या नावावर २००० सालचा एक पेपर आहे, विषय वैज्ञानिक लेख कसा लिहावा. वेब ऑफ सायन्समध्ये त्याला जवळजवळ ४०० सायटेशन्स सापडली. आणि असा पेपर कोणी लिहिलेलाच नाही! एल्सेव्हिअर या प्रकाशकाच्या सूचनांमध्ये आणि टेम्प्लेटमध्ये रेफरन्स कसा दिसावा हे दाखवायला तो नमुना म्हणून टाकला होता. लोकांनी टेम्प्लेट उघडलं, त्यातच आपला पेपर लिहिला आणि नमुना पुसायचं राहून गेलं. त्यातले बरेचसे कॉन्फरन्सचे पेपर होते. नेदरलँड्सचे प्राध्यापक पीटर क्रूनेनबर्ग यांच्या हे लक्षात आलं आणि लंडनच्या ॲन-विल हारझिंग यांनी २०१७ मध्ये ते सगळ्यांसमोर मांडलं.

बघा, या लोकांचा फॉरमॅट अगदी बरोबर होता. स्वल्पविराम जिथल्या तिथे. म्हणजे दोन वेगळी कामं आहेत: रेफरन्स नीट *दिसणं* आणि रेफरन्स *खरा असणं*. आपली सगळी रात्र पहिल्यावर जाते. खरं तर पहिलं काम मशीनचं आहे, दुसरं आपलं.

मशीनचं काम आधी उरकू. पद्धती मुख्यतः दोन. एक नाव-वर्षाची: मजकुरात कंसात लेखकाचं आडनाव आणि साल, शेवटी यादी आडनावांच्या वर्णक्रमाने. हिला हार्वर्ड पद्धत म्हणतात, कारण तिचं श्रेय सहसा हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या १८८१ च्या पेपरला देतात. (पेपर शंख नसलेल्या गोगलगायीवर होता. उगाच सांगितलं.) मानसशास्त्रात आणि सामाजिक शास्त्रांत चालणारी एपीए शैली याच घरातली. दुसरी आकड्यांची: मजकुरात १, २, ३ आणि यादी त्याच क्रमाने. वैद्यकीय जर्नल्सची व्हँकूव्हर शैली ही अशी. १९७८ मध्ये काही संपादक व्हँकूव्हर शहरात भेटले, त्यावरून ते नाव. इंजिनिअरिंगवाल्यांची आयट्रिपलई पण आकड्यांचीच, फक्त चौकोनी कंसात.

आता आकड्यांची यादी हाताने टाइप केलीत आणि रिव्ह्यूअर म्हणाला, सहा आणि सातच्या मध्ये अजून एक पेपर घाला. पुढचे सगळे आकडे सरकले. मजकुरातलेही. म्हणून हाताने करायचंच नाही. झोटेरो फुकट आहे, वर्डमध्ये आणि गुगल डॉक्समध्ये चालतं, फोनवरही आहे. त्यात हजारो शैली मिळतात. एका जर्नलने नाकारलं तर शैलीचं नाव बदलायचं, अख्खी यादी नव्या रूपात. लाटेकवाले बिबटेक वापरतात, तेही तसंच. फक्त तिथे शीर्षकातल्या डीएनएसारख्या शब्दाला महिरपी कंस घाला, नाहीतर बऱ्याच शैलींमध्ये त्याची कॅपिटल अक्षरं स्मॉल होऊन बसतात.

आणि हो, सबमिशनआधी लेखकांसाठीच्या सूचना वाचा. एल्सेव्हिअरची बरीच जर्नल्स पहिल्या सबमिशनला कोणतीही शैली चालवून घेतात, फक्त ती सगळीकडे सारखी हवी. म्हणजे ती रात्र कदाचित लागणारच नाही!

आता आपलं काम. सॉफ्टवेअर फक्त सजवतं. आत चुकीची माहिती गेली तर चुकीची माहितीच छान सजून बाहेर येते. वेबसाइटवरून एका क्लिकमध्ये उचललेल्या नोंदीत कधी पान नंबर नसतात, कधी अख्खं शीर्षक कॅपिटलमध्ये असतं, कधी लेखकाच्या जागी वेबसाइटचं नाव असतं. नोंद आत आली की लगेच बघायची. दोनशे झाल्यावर कोणी बघत नाही.

सगळ्यात जास्त घोळ आपल्या नावांचा होतो. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी. समजा कोणी "पाटील सुनील रामचंद्र" असंच नाव पेपरवर टाकलं, तर बाहेरचं सॉफ्टवेअर शेवटचा शब्द आडनाव धरतं. मग सुनील पाटील होतात "रामचंद्र पी. एस." म्हणजे वडिलांच्या नावावर सायटेशन! गोव्यातल्या डिसोझांचं वेगळंच, एका पेपरवर ॲपॉस्ट्रॉफी असते, दुसऱ्यावर नसते, आणि डेटाबेसला ती दोन माणसं वाटू शकतात. नोकरीच्या अर्जात सायटेशन्स मोजतात तेव्हा हे महागात पडतं. दुसऱ्याला साइट करताना मूळ पेपर उघडून आडनाव कुठलं ते बघा. स्वतःसाठी नावाचं एकच रूप ठरवा आणि ऑर्किड आयडी काढा. सोळा अंकी असतो, फुकट मिळतो.

दुसऱ्याच्या यादीतून रेफरन्स उचलायची सवय तर जुनीच. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी २००३ च्या सुमारास भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या पेपरची सुमारे ४,३०० सायटेशन्स तपासली. १९६ मध्ये छपाईची चूक होती, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पान नंबरची एकच चूक ७८ वेळा! इतके जण स्वतंत्रपणे तीच चूक करणार नाहीत, एकाने केली आणि बाकीच्यांनी कॉपी मारली. त्यावरून त्यांचा अंदाज असा, की साइट करणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्के लोक मूळ पेपर वाचतात.

आणि आता चॅटबॉट. त्याला रेफरन्स मागितला की तो देतो. खऱ्या शास्त्रज्ञाचं नाव, खरं जर्नल, पटेल असं शीर्षक, डीओआयसुद्धा. फक्त पेपर नसतो. व्हॅन डर गीअरचाच नवा अवतार. तपासणं सोपं आहे: डीओआय म्हणजे १० ने सुरू होणारा तो क्रमांक, फोनच्या ब्राउझरमध्ये डीओआय डॉट ओआरजीच्या पुढे टाका. उघडलाच नाही, किंवा भलताच पेपर उघडला, तर थांबा. बरोबर उघडला तर किमान सारांश वाचा, कारण पेपर खरा असूनही तुम्ही म्हणताय ते त्यात नसू शकतं. मागे घेतलेला पेपर यादीत असेल तर झोटेरो लाल पट्टी दाखवतं, ती दुर्लक्षू नका.

शेवटी एक टीप वर्डवाल्यांना. सहलेखकाने फाइल गुगल डॉक्समध्ये उघडून परत वर्डमध्ये सेव्ह केली, तर झोटेरोचे दुवे तुटतात आणि आकडे साधा मजकूर होऊन बसतात. म्हणून मूळ फाइल स्वतःकडेच ठेवा, व्हॉट्सॲपवर कॉपी पाठवा, आणि सुधारणा मूळ फाइलमध्ये तुम्हीच घ्या.

पुढच्या एपिसोडमध्ये रिव्ह्यूअरला उत्तर कसं लिहायचं ते बघू. भेटू या!